जरा मोठ्यानं वाच

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते. चहा होतो, निपुण भारतचे तक्ते या हातातून त्या हातात जातात, कुठल्या शाळेतली किती लेकरं अजून जोडाक्षरांवर अडली आहेत याची बेरीज होते, आणि मग कुणीतरी ते ठरलेलं वाक्य उच्चारतंच : "पालकांचंच लक्ष नाही, आपण काय करणार?" माना हलतात, विषय संपतो. त्याच संध्याकाळी तेरखेड्याच्या स्टँडवर एखादा बाप गाठतो. "गुर्जी, लेकरू घरी पुस्तकाला हात लावत नाही. तुमी जरा दम द्या की." शाळा घराकडे बोट दाखवते, घर शाळेकडे, आणि मधे उभं असलेलं लेकरू कधी या बोटाकडे बघतं, कधी त्या.

इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढल्यावर या भांडणाबद्दल माझं एक मत बनलं आहे. ते सहकाऱ्यांना आवडत नाही आणि पालकांनाही पटकन पटत नाही. पण त्याआधी गाव सांगायला हवं.

तेरखेडा धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, धुळे–सोलापूर महामार्गावर. येडशीचा घाट आणि रामलिंगचं जंगल एका बाजूला, येरमाळ्याची येडेश्वरी शेजारी. बाहेरच्यांना गाव ठाऊक असतं ते फटाक्यांमुळे. 'महाराष्ट्राची शिवकाशी' असं वर्तमानपत्रं दर दिवाळीला छापतात. शोभेच्या दारूच्या कारखान्यांत आसपासच्या कितीतरी घरांतल्या बायका मजुरीला जातात. उरलेलं जगणं सोयाबीन, ज्वारी आणि पावसाची वाट. दसरा-दिवाळी झाली की काही घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी आणि धाकटी लेकरं ट्रॅक्टरमध्ये घालून ऊसतोडीला निघतात, आणि मागे म्हातारी माणसं राहतात. तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर हे चित्र नवं नाही. आमचा जिल्हा 2018 साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. त्यानंतर भेटी देणारे साहेब वाढले आणि भरायचे तक्तेही वाढले.

एकदा तिसरीच्या वर्गाला मी घरचा अभ्यास दिला : घरात जे जे छापलेलं दिसेल त्याची यादी करून आणा. दुसऱ्या दिवशी याद्या वाचताना मजाही आली आणि पोटात थोडं कालवलंही. रेशनकार्ड. आधार. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी. डीएपीचं पोतं. तापाच्या गोळ्यांचं पाकीट. भिंतीवरचं कॅलेंडर. लग्नपत्रिका तर ढिगानं, कारण पत्रिका आपल्याकडे कुणी फेकत नाही. कपाटामागे खोचून ठेवतात. एका पोरानं लिहिलं होतं, 'फटाका'. मी विचारलं, फटाक्यावर काय छापलंय? तो म्हणाला, वर नाही सर, आत. नळी रद्दी कागदाची असते. फटाका फुटला की कपटे उडतात आणि त्यावर अक्षरं असतात. दिवाळीनंतर ही पोरं कपटे गोळा करून वाचतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच्या संग्रहात कुठल्याशा प्रश्नपत्रिकेचा तुकडाही होता. 'खालीलपैकी कोणत्याही दोन', आणि पुढे जळालेलं. गोष्टीचं पुस्तक मात्र एकाही यादीत नव्हतं.

शिकण्याची गोडी घर लावतं की शाळा, या प्रश्नावर जगभर बरंच लिहिलं गेलंय. अमेरिकेत 1966 साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाचा मोठा अहवाल आला. मुलांच्या यशात शाळेच्या साधनसुविधांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा जास्त असतो, असा त्याचा गाजलेला निष्कर्ष होता. आमच्या परिषदेतल्या वाक्याला यापेक्षा भक्कम आधार कुठला हवा! पण 1983 मध्ये हाइनमन आणि लॉक्सली या दोघांनी 29 देशांतली आकडेवारी तपासली तेव्हा वेगळंच दिसलं. देश जितका गरीब, तितका मुलाच्या शिकण्यावर घराचा परिणाम कमी आणि शाळेचा व शिक्षकाचा जास्त. दोन्ही अभ्यास गुणांबद्दल बोलतात, गोडीबद्दल नाही, हे खरं. तरी त्या याद्या हातात धरून बसलेल्या मला दुसऱ्या अभ्यासातलं म्हणणं समजावून सांगायला कुणी लागलं नाही. ज्या घरात छापील मजकूर म्हणजे खताचं पोतं आणि औषधाचं पाकीट, त्या घरानं लेकराला पुस्तकाची ओढ लावावी ही अपेक्षाच चुकीची आहे. पुस्तक तिथं पोचवायचं कुणी? शाळेनं. वाचून दाखवायचं कुणी? शाळेनं. अक्षराच्या मागे काहीतरी मजेचं दडलेलं आहे हे पहिल्यांदा कळायचं ठिकाण आमचा वर्ग, दुसरं नाही. 'पालकांचं लक्ष नाही' हे वाक्य कदाचित पुण्या-मुंबईच्या एखाद्या शाळेला परवडत असेल, आम्हाला ते परवडत नाही.

हे आपल्याकडे फार आधी ओळखलेली माणसं होती. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि त्या आणि अनुताई वाघ पुढे कोसबाडला गेल्या, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून पालकांना बोल लावत बसल्या नाहीत. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. डीएडला आम्ही हे टिपण म्हणून पाठ केलं होतं. नोकरीत त्याचा अर्थ कळायला बराच काळ गेला.

मग घराचं काही कामच नाही का? आहे, आणि ते मला दिसलं करोनात.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले 1 डिसेंबर 2021 ला. वीस महिन्यांहून जास्त काळ. जी लेकरं पहिलीत अक्षरं गिरवत होती ती परत आली तेव्हा तिसरीत होती. 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' म्हणून मोबाईलवर दुवे यायचे. मोबाईल एक, तो बापाच्या खिशात, बाप दिवसभर रानात. आम्ही मास्क लावून वस्त्यांवर जायचो, स्वाध्यायाचे कागद वाटायचो, झाडाखाली तास-अर्धा तास बसायचो. शाळेच्या वाचनपेटीतली पुस्तकंही फिरवायला लागलो. धूळ खाण्यापेक्षा फाटलेली बरी, असं मुख्याध्यापकांना पटवून.

गोडी शाळेनं लावलेली असेल तर ती शाळेविना टिकते का, याची ही परीक्षाच होती. कुणी मुद्दाम घेतली नसती. बहुतेक लेकरांची अक्षरं पुसली गेली, त्यात नवल नाही. पण काही लेकरं वाचत राहिली, आणि ती कोण हे बघून मी चकित झालो. मास्तरांची, ग्रामसेवकाची, दुकानदाराची मुलं त्यात असतील असा माझा अंदाज होता. काही होतीही. पण सगळ्यांत झपाट्यानं पुस्तकं बदलून मागणारी पोरगी होती एका वस्तीवरची. आई कारखान्यात मजुरीला, बाप ट्रकवर क्लीनर, घरात आजी. आजीला सही येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती बारा-तेरा वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर गेली, सुकडी खाऊन दिवस काढले, शाळेचं तोंड पाहिलं नाही.

मी विचारलं, "आजी, तुम्ही हिचा अभ्यास घेता का?"

"मी काय घेनार कप्पाळ! मला मेलीला एक अक्षर येत न्हाई. तीच मला वाचून दावती."

रोज रात्री भाकरी झाल्यावर पोरगी चुलीपुढे बसून वाचायची आणि आजी ऐकायची. नुसती ऐकायची नाही. "मग त्या कोल्ह्यानं काय केलं?" "आगं पर, राजाला कसं कळलं न्हाई?" "थांब थांब, ती म्हातारी पयल्या पानावरचीच का?" पुढचं पान उलटायला आजी भाग पाडायची, कारण तिला खरोखर पुढचं माहीत नव्हतं आणि ते माहीत करून घ्यायचा दुसरा रस्ता तिच्याकडे नव्हता. एखादा शब्द पोरीला अडला तर आजी तो सुधारू शकत नव्हती. दोघी मिळून अंदाज बांधायच्या, पुढच्या वाक्यात तो बरोबर निघायचा किंवा चुकायचा. चूक झाली म्हणून कुणी रागवायचं नाही, कारण चूक झाली हे ओळखणारंच कुणी नव्हतं. लहान वयात ज्याचं त्याला कळेपर्यंत असं बिनधास्त चुकायला मिळणं ही केवढी चैन आहे, हे आम्हा शिक्षकांच्या पोरांना विचारा.

कारण त्याच काळात मी शिकल्या-सवरलेल्या घरांतही डोकावत होतो. तिथं आई किंवा बाप शेजारी बसून अभ्यास 'घेत' होते. हा घेतला जाणारा अभ्यास मला आजकाल धास्तावतो. पोरगं एक ओळ वाचतं, बाप म्हणतो, "हं, वेलांटी बघ." दुसरी ओळ, "स्पष्ट उच्चार." तिसरी, "हा प्रश्न परीक्षेला येतो, लक्षात ठेव." बापाला गोष्ट ऐकायची नसते, गोष्ट त्याला माहीत असते किंवा तिच्याशी देणंघेणं नसतं. तो तपासत असतो. शाळेत दिवसभर तपासून घेऊन आलेल्या लेकराला घरीही तपासनीसच भेटतो. चौथी-पाचवीत तुळजापूरच्या नवोदयचं वेड लागलं की विचारूच नका. दोन तासांत ऐंशी प्रश्न, शंभर गुण. त्यासाठी बाराशे प्रश्नांची गाईड, क्लास, पहाटेचा गजर. ज्यांना खरंच त्या शाळेची गरज आहे अशा गरीब पोरांना ती मिळावी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या शाळेतून कुणी लागलं की आम्हीही फलक लावतो. पण त्या तयारीतून आलेलं पोरगं वर्गात हात वर करून पहिला प्रश्न विचारतं, "सर, हे येणार का?" येणार नाही म्हटलं की वही मिटतं.

बक्षिसांचंही असंच. तारे, स्टिकर, 'आजचा वाचक' म्हणून फोटो, हे सगळं आमच्याकडे चालतं आणि पहिले काही आठवडे झकास चालतं. मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये अमेरिकेतल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर शोभिवंत प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालं. नंतर मोकळ्या वेळात चित्रं काढायचे तेच रंगीत मार्कर समोर ठेवले तर ही मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस कबूल केलंच नव्हतं त्यांची आवड होती तशीच राहिली. हे वाचल्यावर मी माझ्या वर्गातल्या ताऱ्यांकडे बघितलं. तक्त्यावर सगळ्यांत जास्त तारे असलेला मुलगा पातळातलं पातळ पुस्तक निवडण्यात पटाईत झाला होता. त्याचा दोष नाही. हिशेब पुस्तकांच्या संख्येचा होता.

म्हणजे माझं मत असं : पुस्तकाची, प्रश्नाची, शोधाची पहिली चव शाळेनं द्यायची, त्यात सबब नाही. घरानं दुसरी शाळा व्हायचं नाही. घरानं ऐकायचं. आणि ऐकायला शिकलेलंच असावं लागतं असं नाही. उलट न शिकलेला माणूस बऱ्याचदा जास्त चांगलं ऐकतो, कारण त्याला ते खरंच नवं असतं.

याला विरोध होतो. एक सहकारी म्हणतात, "गरिबीचं कौतुक लावलंय तुम्ही. निरक्षर असणं चांगलं, असंच म्हणायचंय ना?" नाही. ती आजी शाळेत गेली असती तर मला आनंदच झाला असता, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त. हा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा मोजक्या, वरचं शिक्षण उर्दूतून. तिच्या आई-बापांना अक्षर मिळालं नाही, तिला दुष्काळानं मिळू दिलं नाही. त्यात गोडीचा प्रश्न कधी आलाच नव्हता. माझं म्हणणं एवढंच की 'पालक अडाणी आहेत' म्हणून आम्ही ज्यांना मोजतच नाही, त्यांच्याकडे लेकराला देण्यासारखं काहीतरी आहे आणि ते मागायला आम्ही जात नाही.

एक उदाहरण सांगतो. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडाईची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि चुन्याच्या रानात हजारो लोक चुनखडीचे खडे वेचतात. आमच्या वर्गातली निम्मी लेकरं दरवर्षी घरच्यांबरोबर जातात. यात्रेनंतरच्या दिवशी चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, एवढी माणसं दरसाली खडे नेतात, मग ते संपत कसे न्हाईत?"

हा प्रश्न कुठून आला? शाळेतून नाही, यात्रेचा धडा आमच्या पुस्तकात नाही. घरातून? घरी त्यानं विचारलं होतं, तर आजोबा म्हणाले, देवीची माया. आजोबांनी गप्प बस म्हटलं नाही हे महत्त्वाचं. एवढंच नाही, ते असंही म्हणाले, "तुझ्या गुर्जीला इचार, त्येंला काय म्हायती हाय बघू." दोन दिवस तोच विषय चालला. पोरांनी आणलेल्या खड्यांवर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. साध्या काळ्या दगडावर पिळलं, काही नाही. मग मी सांगितलं की आपला बालाघाट म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा दगड, त्या दगडात चुन्याचं द्रव्य असतं, दगड झिजून माती होताना ते पाण्यात विरघळतं. आपल्याकडे पाऊस कमी, ऊन जास्त. पाणी खोल वाहून जाण्याआधीच सुकतं आणि चुना मातीत गोळा होऊन खडे बनतात. कोकणात असे खडे का कमी, याचा विचार मग त्यांनीच केला : तिकडं पावसानं सगळं धुऊन जात असेल. शेवटी एका पोरीनं विचारलं, "मग नवा खडा व्हायला किती वर्सं लागतात?" शेकडो, हजारो, असं मी म्हणालो. "म्हंजे संपतीलच की कधीतरी." वर्गात शांतता पसरली आणि मग जोरात वाद सुरू झाला. संध्याकाळी आजोबा शाळेत आले, लिंबाचा प्रयोग स्वतः करून बघायला. फेस बघून म्हणाले, "म्हंजे देवीनं चुना ठिवलाय हे खरंच की."

अशी देवघेव झाली की मुलाला पाटी, पुस्तक, यात्रा, आजोबा हे वेगवेगळे कप्पे वाटत नाहीत. तेव्हापासून मी पालकांना वर्गात बोलवायला लागलो; भाषण द्यायला नाही, आपलं काम सांगायला. फटाक्याच्या कारखान्यात जाणाऱ्या एका आईला सांगायला काही सुचेना. मग म्हणाली, "आमाला कामावर नायलॉनची साडी चालत न्हाई, सुतीच लागती." का? तिला एवढंच ठाऊक होतं की ठिणगी पडते. मुलांनी प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले, अंधाऱ्या खोलीत नायलॉनचं कापड चोळून ठिणगी दिसते का बघितलं. आई दाराशी उभी राहून बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "असं व्हय." या कामात माणसं गेल्याच्या बातम्या आमच्या भागाला नव्या नाहीत, त्यामुळे तो तास नुसता गमतीचा नव्हता. अठरा वर्षांखालच्या कुणालाही स्फोटकांच्या कामाला लावणं कायद्यानं गुन्हा आहे, हेही मी त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं.

पालक सभा आता आम्ही संध्याकाळी घेतो. दुपारची सभा म्हणजे बायकांचा रोज बुडणार, मग येणार कोण? सभेत मी फार सांगत नाही. रोज लेकराकडून एक पान वाचून घ्या, मधे बोलू नका, फक्त 'मग?' म्हणा. एक बाप उठून म्हणाला, "गुर्जी, ते चुकीचं वाचलं तर आमाला कसं कळायचं?" मी म्हणालो, तुम्हाला कळायची गरज नाही, ते माझं काम. मागच्या रांगेतल्या आज्या हसल्या. शिकलेल्या पालकांना मात्र हे जड जातं. वेलांटी चुकलेली दिसते आणि जीभ आवरत नाही.

ज्यांचं ऐकायलाही कुणी नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आई-बाप तोडीला गेले की काही लेकरं हंगामी वसतिगृहात जेवतात आणि नातेवाइकांकडे झोपतात. आजी-आजोबा असले तरी थकलेले, दिवेलागणीलाच डोळा लागणारे. आई-बापांशी बोलणं फोनवर, तेही रेंज असेल तर. फडातून थकून आलेला बाप पाच मिनिटांत काय काय ऐकणार? सहावी-सातवीच्या मुलांना जोडीला देऊन बघितलं. जमलं नाही, ती लगेच मास्तर होतात आणि आमच्याहून कडक. शेवटी उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. वसतिगृहाचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी कणीक मळताना ऐकायला तयार झाल्या. आता संध्याकाळी दोन-तीन पोरं परातीभोवती आळीपाळीनं वाचत असतात. मावशींच्या अटी दोन. मोठ्यानं वाचायचं, कारण कुकरच्या शिट्टीत ऐकू येत नाही. आणि भुताचं पाहिजे. वाचनपेटीत भुताची पुस्तकं दोनच; ती त्यांना आता तोंडपाठ आहेत आणि पोरांनी एखादं वाक्य गाळलं तर त्या पकडतात. यंदाच्या खरेदीच्या यादीत मी आणखी काही लिहून दिली आहेत. केंद्रप्रमुखांनी यादी बघून विचारलं, यातून कुठली अध्ययन निष्पत्ती साध्य होणार? मी 'श्रवण' असं लिहिलंय.